दारातला बर्फाचा बांध

सोमवारी सकाळी सव्वासातला सुवर्णा खानझोडेच्या फोनवर एचओएची ईमेल आली. एचओए म्हणजे तिच्या वसाहतीची सोसायटी, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलमधल्या एकशेचाळीस टाउनहाउसांचा कारभार बघणारी. ईमेलच्या डोक्यावर कोकोच्या मगाचं चित्र होतं, मगातून वाफा निघत होत्या. खाली लिहिलं होतं की मुख्य रस्ते आणि मागच्या गल्ल्या साफ झाल्या आहेत, आपापला ड्राइव्हवे आणि पायऱ्या ज्याच्या त्याने साफ करायच्या आहेत, आणि शक्यतो सगळ्यांनी घरीच थांबून बर्फाची मजा लुटावी.

सुवर्णाने ही ईमेल गराजचं दार वर करून, जाडा कोट अंगात अडकवून, उभ्या उभ्या वाचली. तिच्या समोर, ड्राइव्हवे जिथे गल्लीला मिळतो तिथे, मांडीपर्यंत येईल एवढा बर्फाचा बांध होता. आभाळातून पडलेला बर्फ जेमतेम वीतभर होता. हा बांध प्लाऊने, पुढे रुंद पातं लावून बर्फ लोटणाऱ्या ट्रकने, घातला होता. एचओएने ठेका दिलेल्या ट्रकने पहाटे येऊन गल्ली साफ केली होती, म्हणजे गल्लीतला सगळा बर्फ उजवीकडे ढकलत नेऊन प्रत्येकाच्या दारात रचला होता. वरून रात्रभर गारांचा चुरा पडत होता. बाहेर उणे सहा. बांध सिमेंटसारखा धरला होता.

"मजा लुटा म्हणे," सुवर्णा गराजमध्ये एकटीच मोठ्याने म्हणाली. "दार लिंपून टाकायचं आणि वर कोको पाजायचा!"

नवरा, शैलेंद्र, भावाच्या आजारपणासाठी महिनाभर नागपूरला गेला होता, त्यामुळे ऐकायला कोणी नव्हतं. पण सुवर्णाला बोलायला माणूस लागायचाच असं नाही. एकसष्ट वर्षांची, चणीने लहान, चष्म्याची दोरी गळ्यात, आणि चुकीच्या गोष्टीला चुकीची म्हणताना आवाज आपोआप चढणारी. ती डायलिसिस टेक्निशियन होती. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत त्यांचं रक्त आठवड्यातून तीनदा मशीनवर स्वच्छ करावं लागतं. ती सुई लावणं, मशीन सांभाळणं, चार तास त्या माणसावर नजर ठेवणं हे तिचं काम. बावीस वर्षं तेच. गल्लीतले बाकीचे लोक त्या सकाळी लॅपटॉप उघडून वर्क फ्रॉम होम करणार होते. तिचं सेंटर मात्र सहाऐवजी दहाला उघडणार होतं आणि उघडणार म्हणजे उघडणारच होतं. मशीन घरी आणता येत नाही.

बर्फ तिला नवा नव्हता. मॉरिसव्हिलला येण्याआधी तेरा वर्षं ती न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या टोकाला, रॉचेस्टरजवळच्या एका गावात राहिली होती. तिथे नोव्हेंबर ते एप्रिल बर्फच. पहिल्या हिवाळ्यात सेंटरमधल्या एका थोराड नर्सने तिला स्वतःच्या अंगणात नेऊन धडे दिले होते: ढकल, उचलू नकोस. उचलायचंच तर गुडघ्यातून उचल. पात्याला मेणबत्ती घास म्हणजे ओला बर्फ चिकटत नाही. आणि काही झालं तरी गरम पाणी ओतू नकोस. सुवर्णा शिकली. तिच्याकडे तेव्हा पोलादी पात्याचं एक शॉव्हेल, म्हणजे बर्फाचं फावडं होतं, बर्फ फोडायचं एक सरळ दांड्याचं खुरपं होतं, सायकलच्या हँडलसारखी मूठ असलेलं एक मोठं ढकलपातं होतं. नॉर्थ कॅरोलिनाला येताना शैलेंद्र म्हणाला, तिकडे बर्फ कुठे पडतो, कशाला ओझं न्यायचं? तिने सगळं शेजाऱ्याला देऊन टाकलं. त्या गोष्टीवरून ती नवऱ्यावर आणि स्वतःवर अजून चिडून होती.

कारण इथेही पडायचाच. दोन-तीन वर्षांतून एकदा, पण पडला की सगळं ठप्प. गेल्या बुधवारी वादळाचा अंदाज आला तेव्हा ती ड्यूटी संपवून थेट हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात गेली होती. शॉव्हेलचा स्टँड रिकामा. बर्फ वितळवायच्या मिठाच्या पोत्यांची जागाही रिकामी. तिथल्या माणसाने हसून सांगितलं, "दोन तासांत सगळं गेलं, मॅम." मग शेजारच्या कॅरी गावातली दोन दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी समुद्रकाठी वाळूत खेळायची लाल-पिवळी फावडी उरली होती. ती लोक नेत होते!

तेवढ्यात फोन वाजला. दीपाचा होता. दीपा आणि तिचा नवरा देवांग पाच घरं सोडून राहायचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. देवांगचे वडील, सुमंतकाका आगाशे, शहात्तर वर्षांचे, त्यांच्याकडेच असायचे. सोमवार-बुधवार-शुक्रवार ते सुवर्णाच्याच सेंटरमध्ये मशीनवर असत.

"काकू, बाबांची व्हॅन कॅन्सल झाली," दीपा म्हणाली. "ड्रायव्हर म्हणतो, गल्लीत येऊ शकतो पण बाबांना वॉकरने त्या ढिगावरून कसं आणणार? समोरच्या पायऱ्यांवर तर नुसती काच झालीय. मग आम्ही विचार केला की आजचा दिवस स्किप करून उद्या…"

"स्किप?" सुवर्णाचा आवाज चढला. "दीपा, शुक्रवारी झालं होतं त्यांचं. शनिवार, रविवार मध्ये गेले. आठवड्यातली सगळ्यात मोठी गॅप ही. सोमवार स्किप करत नाहीत. स्किप करायचंच तर तुमच्या मीटिंगा करा. त्यांना दम लागतोय का? छातीत काही?"

"नाही नाही, तसं काही नाही. पाय सुजलेत थोडे. जड वाटतंय म्हणतात."

"काल काय खाल्लं?"

मग दीपा हळूच म्हणाली, "थंडी होती म्हणून टोमॅटोचं सार केलं होतं. बटाट्याची भाजी. दोन वाट्या सार घेतलं त्यांनी, आवडतं ना त्यांना."

टोमॅटो आणि बटाटे म्हणजे पोटॅशियम. ते शरीराबाहेर टाकणारं यंत्रच बंद असलेल्या माणसाच्या रक्तात ते साचत जातं आणि एका टप्प्यावर हृदय थांबवतं. न दुखवता, न सांगता. सुवर्णाने डोळे मिटून घेतले. आहाराचा कागद ती स्वतः त्यांच्या फ्रिजवर लावून आली होती.

"मी येते," ती म्हणाली. "दम लागला तर माझी वाट बघू नका, नाइन वन वन करा. आणि देवांगला सांग, काही करू नको म्हणावं."

पण देवांगने आधीच केलं होतं. सुवर्णा गल्लीतून तोल सावरत पोचली तेव्हा तो गराजच्या दारात रिकामं पातेलं घेऊन उभा होता, आणि त्याच्या पायाशी ड्राइव्हवेवर पाण्याचा पातळ थर आरशासारखा गोठत होता.

"गरम पाणी ओतलंस?" तिने विचारलं.

"काकू, यूट्यूबवर एकाने…"

"किती?"

"सहा पातेली. मिठाचे दोन डबेपण घातले."

"अरे देवा! तू इंजिनिअर ना? उणे सहामध्ये पाण्याचं काय होतं ते यूट्यूबला विचारायचं?"

देवांगचा चेहरा पडला. तो चाळिशीचा, सज्जन, रोज वडिलांच्या औषधांच्या डब्या भरणारा मुलगा होता. त्याच्या दुसऱ्या हातात जांभळ्या प्लॅस्टिकचं, दांडा आत सरकणारं एक शॉव्हेल होतं; ऑनलाइन मागवलेलं, शेवटचं उरलेलं. पात्यावर 'हेवी ड्यूटी' असं छापलं होतं. त्याने ते दाखवत म्हटलं, "हे आहे ना पण." आणि बांधावर जोराने मारलं. पातं मधोमध तडकलं. दुसऱ्या घावाला अर्धं पातं उडून शेजाऱ्याच्या कुंडीत पडलं.

सुवर्णाने तो तुकडा उचलून पाहिला. नखाएवढी जाडी. खेळण्याची बादलीसुद्धा याहून जाड असते. ही वस्तू ज्यांनी बनवली त्यांनी कधी बर्फाला हात लावला नव्हता याची तिला खात्रीच पटली. संकटात सापडलेल्या माणसाने घाबरून शेवटची उरलेली वस्तू उचलायची, आणि ती वस्तू दोन घावांत तुटायची. तिला ही शुद्ध लबाडी वाटली. ती तसं म्हणालीही, आणखी दोन-चार शब्द जोडून.

वर खिडकीत सुमंतकाका दिसत होते. मफलर गुंडाळून, वॉकरला धरून, बाहेर जायच्या तयारीत. त्यांनी हात हलवला. सुवर्णानेही हलवला, आणि तिला अठरा वर्षांपूर्वीचा तो दुसरा म्हातारा आठवला. रॉचेस्टरकडचा, निवृत्त बस ड्रायव्हर, एकटा राहणारा, सुई टोचताना दर वेळी तिला नवा विनोद सांगणारा. त्याच्या दारात असाच बांध पडला होता. पहिल्या दिवशी फोनवर म्हणाला, काळजी करू नकोस, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी म्हणाला, थकवा आलाय, उद्या नक्की. तिसऱ्या दिवशी फोन उचलला नाही. सेंटरमध्ये सगळे म्हणाले होते की केवढं वादळ, कोण काय करणार! सुवर्णाला तेव्हाही ते पटलं नव्हतं. वादळाने वीतभर बर्फ टाकला होता. दारात बांध घातला तो माणसाने.

"तुमच्या गराजमध्ये काय काय आहे?" तिने विचारलं. "सगळं बाहेर काढा. दीपा, ओव्हनमधला सगळ्यात मोठा ट्रे आण. काठ उभे असलेला."

"बेकिंग ट्रे?"

"हो. आणि तेलाचा स्प्रे."

पुढच्या दहा मिनिटांत देवांगच्या गराजचं कारखान्यात रूपांतर झालं. गराज झाडायचा एक रुंद झाडू होता, लाकडी ठोकळ्यात दांडा बसवलेला. सुवर्णाने ठोकळा उलटा करून त्याच्या सपाट पाठीवर ट्रेची मागची कड धरायला लावली. देवांगने ड्रिल आणून सहा स्क्रू मारले. ट्रेचे उभे काठ दोन बाजूंना राहिले, पुढची कड तिने हातोडीने ठोकून सपाट केली. झालं ढकलपातं! त्यावर तेलाचा स्प्रे मारला, म्हणजे ओला बर्फ चिकटणार नाही. मग लॉनच्या अवजारांत तिला गवताची कड कापायचं अर्धचंद्राकृती पोलादी पातं सापडलं, सरळ दांड्याचं, वर पाय ठेवून दाबायचं.

"हे खरं," ती म्हणाली. "याला कोणी स्नो शॉव्हेल म्हणत नाही म्हणून असली पाती दुकानात पडून होती. बुधवारी मी तिथल्या बागेच्या विभागासमोरूनच गेले, माझ्याही डोक्यात आलं नाही." या वेळी राग स्वतःवर होता.

एक निळी ताडपत्री निघाली, कॅम्पिंगची. मांजराच्या शी-शूसाठी आणलेल्या रवाळ मातीची, लिटरची, पिशवी निघाली.

काम सुरू झालं. बांधावर पुढून वार करायचा नाही, हे तिने देवांगला दोनदा सांगितलं. वरून कापायचा, वड्या पाडतो तसा. अर्धचंद्राचं पातं टेकवायचं, त्यावर पाय देऊन अंगाचं वजन टाकायचं, दांडा मागे खेचायचा, की चौकोनी ढेकूळ सुटं होतं. ते उचलून फेकायचं नाही, ताडपत्रीवर लोटायचं. सात-आठ ढेकळं झाली की दोघांनी कोपरे धरून ताडपत्री ओढत न्यायची आणि गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेत पालथी करायची. मधे मधे ट्रेने चुरा ढकलायचा. गोठलेल्या पाण्याच्या थरावर पाय घसरू नये म्हणून दीपा मांजराचं लिटर पसरत होती. तिची नऊची मीटिंग होती. तिने फोन बंद करून खिशात टाकला होता.

पाऊण तासात बांधाला दोन हात रुंद खिंड पडली. गाडी गराजपर्यंत यायला अजून तेवढीच हवी होती. सुवर्णाची कंबर बोलायला लागली होती, हातमोज्यांच्या आत बोटं सुन्न झाली होती. समोरच्या घराच्या बाल्कनीत एक तरुण कॉफी पीत फोनवर त्यांचा व्हिडिओ काढत होता.

"काढून झाला की खाली ये!" सुवर्णाने मान वर करून इंग्रजीत ओरडून सांगितलं. तो आत गेला. आणि तिच्या अंदाजाच्या उलट, खरंच खाली आला, हातात डस्टपॅन घेऊन. डस्टपॅनही पत्र्याची होती, चांगली निघाली.

साडेआठच्या सुमारास गल्लीच्या टोकाला पिवळा दिवा फिरताना दिसला. प्लाऊ परत येत होता. दुसरी फेरी. पातं खाली, उजवीकडे तिरपं, आणि त्याच्यापुढे बर्फाची लाट.

देवांग कडेला सरकला. "काकू, बाजूला व्हा!"

सुवर्णा गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ट्रे लावलेला झाडू तिने समोर आडवा धरला होता. ट्रकने हॉर्न दिला. ती हलली नाही. अजून एकदा दिला. ट्रक वीस पावलांवर थांबला आणि काच खाली आली. दाढीवाला, पन्नाशीचा माणूस होता, डोळे झोपेने लाल.

"मॅम, बाजूला व्हा. मला गल्ली पूर्ण करायचीय."

"ही तू सकाळीच पूर्ण केलीस," सुवर्णा म्हणाली. तिचं इंग्रजी बावीस वर्षांनंतरही नागपूरचं होतं आणि रागात असताना ती ते लपवायचीही नाही. "हे बघ काय केलंस. आम्ही तीन जण तासभर तुझा कचरा काढतोय. वर बघ, खिडकीत. तो माणूस दहा वाजता डायलिसिसच्या मशीनवर गेला नाही तर तो मरू शकतो. वादळाने नाही. तुझ्या पात्याने."

त्याने वर पाहिलं. सुमंतकाकांनी त्यालाही हात हलवला.

"मला कोणी सांगितलं नाही," तो म्हणाला. "मला नकाशा देतात. बर्फ उजवीकडे, एवढंच."

"मग आता मी सांगतेय. पातं उचल. आणि तेच पातं या ढिगामागे टाकून मागे ओढ. पाच मिनिटांत ड्राइव्हवे मोकळा होईल. मी हे शंभरदा बघितलंय."

मग त्याने फोन लावला, ऑफिसात कोणाशी तरी बोलला, आणि मान हलवत म्हणाला, "खाजगी ड्राइव्हवेवर पातं टाकायची परवानगी नाही. इन्शुरन्स. काही तुटलं तर."

"खाजगी जागेत बर्फ टाकायला इन्शुरन्स चालतो, काढायला चालत नाही?"

त्याने पातं वर उचललं, आणि ट्रक पुढच्या उरलेल्या घरांसमोरून पातं वर धरूनच हळूहळू नेला. जाताना काचेतून म्हणाला, "सॉरी, मॅम." सुवर्णाला त्याचा राग आला नाही. राग आला तो फोनच्या पलीकडच्या त्या आवाजाचा, ज्याने खिडकीत पाहिलं नव्हतं.

उरलेली खिंड त्यांनी हातानेच पाडली. साडेनऊला सुवर्णाने आपली गाडी आणली. तिचा स्वतःचा बांध तिने जाऊन त्याच अर्धचंद्राच्या पात्याने अर्धवट फोडला होता. फोर व्हील ड्राइव्ह गाडी उरलेल्यावरून धडपडत निघाली, बंपरचा एक कोपरा तिथेच टाकून. देवांगने वडिलांना धरून गाडीत बसवलं.

"तुला फार त्रास दिला," सुमंतकाका पट्टा लावताना म्हणाले.

"तुम्ही नाही दिला, काका. आणि सार पुन्हा प्यायलात तर मात्र मी बोलणार नाही, डॉक्टरांना बोलायला लावेन."

"अर्धी वाटी?"

"काका!"

मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शुक्रवारी मीच देवांगला म्हणालो होतो, एखादा दिवस चुकला तर काय होतं. मला वाटलं, मुलांना त्रास नको." सुवर्णाने वायपर लावले आणि गाडी गल्लीतून बाहेर काढली.

सेंटरमध्ये सकाळच्या शिफ्टला सोळा पेशंट असायचे. त्या दिवशी पाच आले. काकांना मशीनवर लावून झाल्यावर सुवर्णा आणि नर्स फोन घेऊन बसल्या. न आलेल्या अकराही जणांना विचारलं: काय झालं? सात जणांनी तेच सांगितलं. रस्ता ठीक आहे, पण दारात ढीग आहे. शॉव्हेल मिळालं नाही. किंवा मिळालं ते मोडलं. सुवर्णा एकेकाला फोनवर शिकवत होती: बागेचं सामान बघा. ट्रे बघा. शेजाऱ्याला बोलवा, लाजू नका, माझं नाव सांगा. दुपारपर्यंत आणखी चार जण आले. एक बाई पुठ्ठ्याच्या खोक्याने ढकलून वाट काढून आली होती.

दुसऱ्या दिवशी काकांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. मशीनवर जाण्याआधी घेतलेल्या रक्तात पोटॅशियम सहा पूर्णांक आठ होतं; साडेपाचच्या वर गेलं की धोका. नर्सने सुवर्णाला बाजूला घेऊन आकडा दाखवला. संध्याकाळी सुवर्णाने तो देवांग आणि दीपाला सांगितला, समजावून. दीपाने उरलेलं सार सिंकमध्ये ओतून टाकलं.

पुढच्या गुरुवारी एचओएची सभा होती, क्लबहाउसात. बोर्डाचा अध्यक्ष राजेश म्हणून पुण्याचा एक मराठी गृहस्थ होता, पंचेचाळिशीचा, फार्मा कंपनीत मॅनेजर, बोलायला गोड. त्याने स्क्रीनवर स्लाइड लावल्या. 'स्नो इव्हेंट: यशस्वी व्यवस्थापन' असं पहिलीच म्हणत होती. गल्ल्या चार तासांत मोकळ्या, तक्रारी फक्त दोन.

सुवर्णा उठली. "त्या दोन्ही माझ्या आहेत," ती म्हणाली. तिने सगळं सांगितलं. लिहून आणलं होतं, पण कागदाकडे पाहिलं नाही. शेवटी मागणी एकच ठेवली: ज्या घरात आजारी किंवा अपंग माणूस आहे त्यांनी नाव नोंदवावं, आणि त्या दारासमोर प्लाऊने पातं उचलावं. बस्.

"काकू, तुमची तळमळ मला समजते," राजेश मराठीत म्हणाला, मग बाकीच्यांसाठी इंग्रजीत वळला. "पण आपण नॉर्थ कॅरोलिनात राहतो. हे दोन-तीन वर्षांतून एकदा होतं. कॉन्ट्रॅक्ट बदलायचं म्हणजे लायबिलिटीचा प्रश्न येतो. आणि खरं सांगायचं तर प्रत्येकाने थोडी स्वतःची तयारी ठेवायला हवी. एक शॉव्हेल तरी."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते सुवर्णाला त्या क्षणी कळलं. पण ती बोलायच्या आत मागून दीपा उभी राहिली. दीपा कधी सभेत बोलत नसे.

"आमच्याकडे शॉव्हेल होतं," ती म्हणाली. "ते दोन घावांत मोडलं. माझे सासरे आज जिवंत आहेत ते एका बेकिंग ट्रेमुळे आणि या बाईंमुळे. तुम्ही त्या दिवशी आम्हाला कोकोचं चित्र पाठवलं. मी ते जपून ठेवलंय."

राजेश म्हणाला, बोर्ड विचार करेल.

बोर्डाने काय विचार केला तो चार दिवसांनी सुवर्णाला कळला. तिच्या नावाने नोटीस आली, फोटोसकट. फोटोत तिच्या पुढच्या दाराशी टेकवलेला ट्रेचा झाडू आणि अर्धचंद्राचं पातं दिसत होतं. देवांगने दोन्ही तिच्याकडेच राहू देत म्हणून आणून ठेवली होती. दर्शनी भागात अवजारं ठेवायला मनाई आहे, वसाहतीच्या शोभेला बाधा येते, दहा दिवसांत हलवावीत.

सुवर्णाने नोटीस वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि नागपूरला शैलेंद्रला फोन लावला. तिकडे पहाट होती. तिने वीस मिनिटं श्वास न घेता ऐकवलं. तो शेवटी म्हणाला, "आत ठेव ना मग. कशाला डोक्याला ताप?"

"नाही ठेवणार," ती म्हणाली. "बर्फ त्यांना दारात चालतो. माझं फावडं चालत नाही."

दीपाने मात्र वेगळा रस्ता धरला. तिने नोटिशीचा आणि कोकोच्या ईमेलचा फोटो शेजारी शेजारी लावून वसाहतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, खाली फक्त सुवर्णाची मागणी लिहिली. मग देवांग आणि ती दोन संध्याकाळी दारोदार फिरली. डस्टपॅनवाला तरुणही बरोबर होता. एकशेचाळीसपैकी ब्याण्णव घरांनी सह्या केल्या. काहींनी सहीसोबत घरातली माणसंही सांगितली: हृदयाचं ऑपरेशन झालेली आई, ऑक्सिजनवरचे वडील, आठवा महिना लागलेली बायको. शेजाऱ्यांनाही ते माहीत नव्हतं. अशी अकरा दारं निघाली.

फेब्रुवारीच्या बोर्डाच्या बैठकीत ठेक्यात एक ओळ वाढवली गेली. राजेशने ती ईमेलने कळवली, 'रहिवाशांच्या सूचनेला मान देऊन' असं म्हणत, सुवर्णाचं नाव न घेता. नोटिशीबद्दल कोणी पुन्हा बोललं नाही. महिनाअखेर पुन्हा बर्फ आला तेव्हा त्या अकरा दारांसमोर केशरी काठ्या रोवलेल्या होत्या आणि प्लाऊ तिथे पातं उचलून गेला. देवांगने तिला व्हिडिओ पाठवला. सुमंतकाकांची व्हॅन वेळेवर आली.

लोकांना वाटलं, आता सुवर्णाकाकू शांत होतील.

पण त्या पहिल्या सोमवारी न आलेल्यांपैकी दोघं मंगळवारीही येऊ शकले नव्हते. त्यांतली एक साठीची बाई, कॅरीतल्या एका मोठ्या अपार्टमेंट वसाहतीत एकटी राहणारी, बुधवारी पहाटे अॅम्ब्युलन्सने इस्पितळात गेली. ती वाचली, पण नऊ दिवस आत होती, आणि परत आली तेव्हा खुर्चीतून स्वतः उठू शकत नव्हती. सुई लावताना सुवर्णाने तिला विचारलं, तुमच्या दारात कोणी ढीग घातला होता? ती म्हणाली, ज्यांना भाडं देते त्यांनीच. आणि मग ओशाळून म्हणाली, चूक माझीच होती, मी आधी शॉव्हेल घ्यायला हवं होतं.

हे वाक्य सुवर्णाला सहन झालं नाही. त्या संध्याकाळी तिने त्या वसाहतीच्या ऑफिसला तीच मागणी करणारं पत्र लिहिलं, त्या बाईची सही घेऊन. दोन आठवडे उत्तर नाही. तिने दुसरं लिहिलं, आणि एक प्रत शहराच्या अपंग सेवेच्या कचेरीला पाठवली. आता मार्च संपत आला आहे, झाडांना पांढरा-गुलाबी मोहोर आला आहे, बर्फाचं नाव काढलं तरी लोक हसतात. सुवर्णा दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सेंटरच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून त्या ऑफिसला फोन लावते. तिकडची मुलगी आता तिचा आवाज ओळखते. "मॅनेजर मीटिंगमध्ये आहेत," ती सांगते.

"असू देत," सुवर्णा म्हणते. "मी थांबते."